नऊ नंबरचं चॅनेल

समाधान मला पहिल्यांदा दिसला तो आमच्या पुनावळ्याच्या इमारतीच्या जिन्यात. एक वॉकीटॉकी कानाशी होता, दुसरा त्याने सरळ माझ्या हातात दिला.

"बाई, हा घेऊन गच्चीवर जाता का? मी खालून नंबर बदलत बोलतो. ऐकू येतंय का तेवढं सांगा."

माझ्या सेटवर चॅनेलचे आकडे आपोआप फिरत आणि तो बोलला की थांबत. त्याने कुठलाही नंबर लावला तरी दर वेळी तो सापडला.

"घरात बोलायला तोंड नाही, आणि डबड्याशी गप्पा!" मी खाली उतरले तेव्हा त्याची बायको दिव्या दारातून म्हणत होती. मग त्याने मला सगळं सांगितलं.

समाधान मूळचा धाराशिवचा, चाकणच्या एका कारखान्यात यार्डात कामाला होता. तिथे मोबाइल गेटवरच जमा होतात, म्हणून कामगार यार्डातल्या सेटवर बोलत. हात आत गेला की पत्रा दाबणारं प्रेस-मशीन थांबवणारा सेन्सर उत्पादनासाठी काढून ठेवलेला. त्यात त्याच्या मित्राची, बुद्धरत्नची, दोन बोटं गेली. समाधानने तक्रार केली. तपासणी अधिकारी येणार हे कळल्यावर त्याने बुद्धरत्नला सेटवरच बेत सांगितला.

"साहेब प्रेसजवळ आले की सुटलेली वायर दाखव. मॅनेजरला पत्ता लागू द्यायचा नाही."

"सेटवर बोलतोयस, राव!"

"नऊ नंबरवर कोण असतंय, भावा? यार्ड तीनवर, गेट पाचवर."

ऑफिसातला सेट सगळे नंबर चाळत होता. तपासणीच्या आदल्या संध्याकाळीच सेन्सर जागेवर बसला. अधिकाऱ्याला सगळं ठीक दिसलं, चूक बुद्धरत्नची ठरली. समाधानला कामावरून काढून गेटवरूनच परत पाठवलं. मग सेन्सर पुन्हा निघाला, आणि बुद्धरत्न त्याच प्रेसवर.

म्हणून जुन्या बाजारातले हे दोन सेट. बुद्धरत्नने आतून गुपचूप कळवायचं, समाधानने बाहेरून लगेच अधिकाऱ्याला बोलवायचं.

"नंबर बदलला म्हणजे कडी लावली असं वाटलं, बाई. मी नुसता दुसऱ्या खोलीत गेलो होतो. दारं सगळी उघडीच."

बोलणं तिसऱ्याला कळू नये असं गुंतवून पाठवणारे, दोन्हीकडे एकच किल्ली लागणारे सेट असतात, असं दुकानदाराने त्याला सांगितलं होतं. यांत ती सोय नव्हती. तरी त्याने मला पुन्हा वर पाठवलं. या वेळी तो कुजबुजला, "बुद्धरत्न, हात बाहेर ठेव रे."

माझ्या सेटने तोही नंबर शोधला आणि शब्द न् शब्द ऐकू आला, म्हणजे ऑफिसातही येणार. मी खाली आले. माझ्या तोंडाकडे बघूनच त्याने सेट बंद केला.

सध्या समाधान तळेगावच्या एका गोदामात माल उतरवतो. सुट्टीच्या दिवशी चाकणला जातो आणि बुद्धरत्नशी समोर बसून बोलतो.