बारावी काठी

फोन आला तेव्हा मी सहावीच्या वह्या तपासत बसले होते. वसईहून फिलोमिनाचा भाऊ बोलत होता. ती गेली, एवढंच म्हणाला. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा आलाच नाही. आता त्या चिखलात हात कोण घालणार, हा आला. त्याची मला आजही लाज वाटते.

फिलोमिना आमच्या शारजाशेजारच्या अजमानच्या शाळेत बायॉलॉजी शिकवायची. वसईच्या खाजणात वाढलेली बाई, त्यामुळे वाळवंटात येऊनही तिने खाडी शोधलीच. तिवरांच्या मागे गुडघाभर चिखल, त्यावर खेकड्यांची भोकं. आमची मुलं बघायची आणि म्हणायची, "मिस, इट्स जस्ट मड." पलीकडून दरवर्षी भराव पुढे सरकत होता. मुलांना माहीतच नसेल तर वाचवणार कोण, असं ती म्हणायची. आणि मुलांच्या आधी शिक्षकांना चिखलात उतरवलं पाहिजे. म्हणून दर हिवाळ्यात एका शुक्रवारी ती शारजा, फुजैरापासूनच्या शाळांमधले शिक्षक गोळा करून खाडीवर न्यायची.

तिची पद्धत ठरलेली. जुन्या पांढऱ्या चादरीची लांब पट्टी प्रत्येकाने खांद्यापर्यंत हात घालून चिखलात उभी पुरायची आणि शेजारी आपल्या नंबरची काठी रोवायची. वर्षाने परत यायचं आणि ओढून काढायची. वरच्या राखाडी चिखलातलं टोक कुजून दोरे झालेलं असायचं, खालच्या काळ्यातलं जसंच्या तसं. खाली हवाच नाही, कुजणार कसं? थंड देशांतल्या दलदलीत माणसंसुद्धा अशीच सापडतात, कातडी आणि केसांसकट, हजारो वर्षांनी, असं ती अगदी शांतपणे सांगायची. शिक्षक पायांखाली बघायला लागायचे. मुलांना हेच सांगा, म्हणायची, मग ती चिखलाला नुसता चिखल म्हणणार नाहीत.

पहिल्या वर्षी मी काय दिवे लावले तेही सांगते. निघालेल्या पट्ट्या शाळेच्या लॅबमध्ये न्यायचं काम माझ्याकडे होतं. मळकं कापड दिसलं की माझा हात आपोआप नळाखाली जातो. सगळ्या पट्ट्या साबण लावून खसाखसा धुतल्या आणि ओळीने वाळत घातल्या! अर्धवट कुजलेले दोरे मोरीत वाहून गेले. फिलोमिना दोरीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वर्षा, तू एक अख्खं वर्ष धुऊन टाकलंस गं." मग हसून हसून खालीच बसली.

दुसऱ्या वर्षी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मी माझी पट्टी ओढत होते आणि कुणीतरी खालून ओढलं. सरळ सांगते, ओढलं. मी किंचाळून हात काढला. तिने समजावलं, हवा शिरत नाही ना, म्हणून ओढ बसते. आणि मग हळूच म्हणाली, पण वाटतं खरं, कुणी धरल्यासारखं... त्यानंतर मी चिखलात हात घातला नाही. मी काठ्यांच्या नोंदी ठेवायची, सगळ्यांच्या पट्ट्या ती काढायची; चिखल तिचा.

गेल्या हिवाळ्यात ती फार वाळली होती. आजाराचं फक्त मला सांगितलं होतं. डोक्याला नेहमीसारखा आईच्या लाल चौकड्यांच्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. सगळे गाडीत बसले तरी ती खाली रेंगाळली, आली ती बोडक्याने. तुकडा कुठाय विचारलं तर म्हणाली, ठेवलाय जपून. मग वाटेत विचारलं, "पुढच्या वर्षी तू काढशील ना पट्ट्या?"

मी म्हणाले, "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. हो म्हण."

मी हो म्हटलं नाही. महिन्याभरात ती उपचारांसाठी वसईला गेली.

गेल्या शुक्रवारी पट्ट्या काढायचा दिवस होता. माझी लेक म्हणाली, "मॉम, जस्ट कॅन्सल इट." तेच करणार होते. पण अकरा शिक्षक यायचे होते, त्यातले दोघे पार फुजैराहून. मी गेलेच. धुकं इतकं की भराव टाकणारे ट्रक नुसते ऐकू येत होते. मी बाही वर केली आणि हात घातला. एक, दोन... अकरा पट्ट्या निघाल्या.

मग तिवरांच्या अगदी बुंध्याशी आणखी एक काठी दिसली. नंबर नसलेली. वहीत अकराच होत्या.

हात घातला, ओढलं. आधी नुसते दोरे आले. मग काळ्या चिखलातून लाल चौकड्या वर आल्या, आताच वाळतीच्या दोरीवरून काढल्यासारख्या लख्ख. आणि मग कापड थांबलं. खालून धरलेलं. हवा शिरत नाही म्हणून, मला ठाऊक आहे. मागे अकरा माणसं उभी होती, चिखलात बुडबुडे फुटत होते.

"हो," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

ओढ सैल झाली. कापड सहज निघालं असतं, पण मी मूठ उघडली आणि ते होतं तिथे आत गेलं. शाळांना पुढच्या वर्षीची पत्रं मी पाठवली आहेत. वहीत बारावी ओळ आखून फिलोमिनाचं नाव घातलं, आणि पुढे लिहिलं: काढायची नाही.