दोऱ्याचं टोक

आज सकाळी आईच्या ब्लाउजला हूक लावायला बसले. सुईत दोरा जाईना, म्हणून त्याचं टोक ओठांत ओलं केलं, तर आई केवढ्यांदा ओरडली, "काढ आधी ते तोंडातून!"

आई गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायची. कुंचल्याचं टोक ओठांत धरून बारीक केलं, की पापणीची रेघ केसासारखी उतरायची. लहानपणी मला तिचे ते रंगलेले ओठ फार आवडायचे. रंगात शिसं असतं, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आता साध्या गार पाण्यानंही तिची बोटं पांढरीफटक पडतात. कातडी ताठरलीय, मूठ वळत नाही, तोंड पुरतं उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, "शरीर स्वतःलाच परकं समजायला लागलंय. रंगामुळेच झालं असं खात्रीनं नाही सांगता येत, पण रंगाचा संबंध नाहीच, असंही म्हणवत नाही."

परकं! जिनं मातीला इतकी वर्षं ओळखीची नजर दिली, तिला तिचंच शरीर ओळखेना. तिनं काढलेले सगळे डोळे दरवर्षी पाण्यात विरघळून गेले. रंग तेवढा तिच्यात राहिला.

मी दोरा वाटीतल्या पाण्यात बुडवला. टोक पिंजारलेलंच. पुन्हा बुडवला, पुन्हा तेच. आई बघत होती. मग तिनं तो न वळणारा हात पुढे केला.

"आण इकडे. मला आता आणखी काय व्हायचंय?"

आणि त्या आखडलेल्या ओठांत दोरा धरून तिनं मला सुरेख टोक काढून दिलं.