गाडी झोपेपर्यंत

तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तिचे फक्त पाय दिसले. एका टॅक्सीच्या उघड्या दारातून ते बाहेर आले होते आणि बाकीची सगळी ती स्टिअरिंगखाली उताणी पडली होती. चपला मात्र दाराशी, घरात शिरताना काढाव्यात तशा, एकमेकींना चिकटून ठेवलेल्या. टॅक्सीवाला बाजूला उभा राहून गयावया करत होता.

"वहिनी, नवीन काहीच लावलेलं नाही. शपथ."

"मग सीटखाली हे निळं निळं काय लुकलुकतंय? काजवा शिरलाय?"

टॅक्सीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि गृहपाठ न केलेल्या मुलासारखी मान खाली घातली. चौतीस वर्षं मी ती मान वर्गात पाहिली आहे, त्यामुळे मला हसू आवरलं नाही.

बिघाड व्हायच्या आधी गाडीत नवीन काय बसवलं, हा वहिनीचा पहिला प्रश्न असतो. "माणसं डॉक्टरशी आणि माझ्याशी सारखंच खोटं बोलतात," असं ती म्हणते. सगळी पेठ तिला वहिनीच म्हणते. गाड्यांच्या वायरिंगचं ते दुकान तिच्या नवऱ्याचं. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. दुकान जेमतेम एक गाडी आत मावेल एवढं, मागच्या बाजूला लोखंडी जिना, आणि जिन्यावर त्यांची राहायची खोली. लग्नानंतर वहिनी डबा द्यायला खाली यायची, मग बल्ब पुसून द्यायला, मग टेस्टरचा दिवा धरायला. अठरा वर्षं तिने तो दिवा धरला. मिस्त्री काम करताना मोठ्याने विचार करायचे, त्यामुळे तिला न शिकवता सगळं शिकवलं गेलं.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. जीभ सावरली, पाय बराचसा सावरला, उजवा हात मात्र थरथरत राहिला. वहिनीने दुकान उघडलं. पहिला महिनाभर लोक तिच्या कामाची खात्री करायला जिना चढून मिस्त्रींना विचारून यायचे. पुढे कुणी जिना चढेना. "तेव्हा मला बरं वाटलं का वाईट वाटलं, ते अजून कळलेलं नाही, बाई," असं ती मला एकदा म्हणाली होती. मिस्त्री वरच असायचे. खिडकी रस्त्याकडे होती, पण ते खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायचे.

माझी एक छोटी सेकंडहँड गाडी आहे. निवृत्त झाल्यावर मी चालवायला शिकले, त्यामुळे माझ्यापेक्षा गाडीलाच रस्त्याची सवय जास्त. एकदा कुणीतरी तिला बाजारात घासून पसार झालं, तेव्हा भाच्याने समोरच्या काचेला लावायचा कॅमेरा पाठवला. मी तो खोका घेऊन वहिनीकडे गेले. तिने खोका उघडला, बंद केला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, एक मागू का? हे काम त्यांना करू द्या. सोपं आहे. वेळ लागेल फक्त."

वेळ लागला. साडेनऊला सुरू झालेलं काम सव्वाला संपलं. मी स्टुलावर बसून वही तपासत असल्यासारखं वर्तमानपत्र वाचत होते. मिस्त्रींनी डाव्या हाताने वायर ओवली, उजव्याने नुसती टेकवून धरली. जोड केला, तो ओढून पाहिला, परत केला. कॅमेऱ्याची वायर हातभर जास्त होती. ती त्यांनी घडी घालून, तीन ठिकाणी बांधून, डाव्या सीटपुढच्या कप्प्यामागे सारून दिली. गिऱ्हाइकाची वायर कापायची नाही, उद्या त्याला दुसरीकडे लागली तर, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. शेवटी कॅमेऱ्याचा बारका हिरवा दिवा लागला. वहिनी तोवर दुसऱ्या गाडीत डोकं घालून होती. तिने वरही पाहिलं नाही, एवढंच म्हणाली, "झालं का? मग जेवायला चला, भूक लागली."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतःहून खाली आले. तिसऱ्या दिवशीही. एकाचा मागे जाताना वाजणारा भोंगा बसवला, एकाचे धुक्यातले दिवे. मी तिथून जाता-येता हात करायची आणि ते डावा हात वर करायचे.

तीन आठवड्यांनी माझी गाडी बंद पडली. किल्ली फिरवली तर नुसतं टिक टिक. शेजाऱ्याने त्याच्या बॅटरीला केबल लावून सुरू करून दिली. दोन दिवस घरी उभी राहिली की पुन्हा तेच. वहिनीकडे जायचं माझ्या जिवावर आलं. मी चौकातल्या बॅटरीच्या दुकानात गेले आणि नवी बॅटरी घातली. तीही तीन दिवसांत झोपली. बॅटरीवाला म्हणाला, "कॅमेरा ज्याने बसवला त्याने घोळ घातलाय. कुणी बसवला?"

"आठवत नाही," मी म्हणाले. मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगण्यात आयुष्य गेलं, आणि हे असं सहज तोंडातून निघून गेलं.

पण पेठेत गोष्ट लपते थोडीच. दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या दारात. "दुखणं लपवून वैद्य बदलायचा, हे कुठल्या इयत्तेला शिकवत होता, बाई?"

"मला वाटलं, मिस्त्रींना..."

"मला पण तेच वाटतंय," ती म्हणाली. "म्हणून तर गाडी घेऊन चला."

मी गाडी दुकानात घेतली तेव्हा मिस्त्री टेबलाशी बसून कुठल्याशा दिव्याची पिन घासत होते. वहिनीने दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी पिन खाली ठेवली.

"जोड ढिला राहिला असणार," ते म्हणाले. "हाताने दगा दिला."

"अजून बघितलंय कुठे?"

"तू बघ." ते उठले आणि जिना चढू लागले. एक पायरी, थांबणं, एक पायरी.

वरचं दार लागलं. वहिनी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आत्ता जर त्यांचा हातच चुकलेला निघाला, तर ते परत खाली यायचे नाहीत. मागच्या वेळी आणायला मला दीड वर्ष लागलं."

"बॅटरी खराब होती म्हणून सांगू या," मी म्हणाले. "मी सांगते."

"तुम्ही सांगाल, पण मी जिना चढले की माझ्या पावलांवरून त्यांना कळेल. बसा तुम्ही."

आणि ती कामाला लागली. बॉनेट उघडलं, बॅटरीची एक तार सोडवली आणि तिच्या मधोमध मीटर जोडला. गाडी बंद असताना तिच्यातून किती वीज गळते, ते त्यावर दिसतं. मग पुढची दोन्ही दारं आणि डिकी उघडी ठेवून तिने त्यांच्या कड्या स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केल्या. म्हणजे दार उघडं असलं तरी गाडीला ते लागलंय असंच वाटतं. मग गाडीपुढे एक खोका पालथा घालून बसली.

"आता?"

"आता ती झोपेपर्यंत थांबायचं. अलीकडच्या गाड्या किल्ली काढल्यावर लगेच झोपत नाहीत, लहान पोरांसारख्या. अर्धा तास तरी चुळबुळ करतात. तेवढा धीर नाही म्हणून निम्मे लोक फसतात. दार उघडून बघतात, झोपली का? की ती उठली."

मला माझंच आठवलं. गेल्या आठवड्यात मी दिवसातून चार वेळा दार उघडून बघत होते, कुठला दिवा चालू तर राहिला नाही ना.

रस्त्यावरून जाणाऱ्या एका टॅक्सीवाल्याने मान बाहेर काढली. "काय वहिनी, आज गाडीपुढे उपोषण?"

"गाडी झोपवतेय. तू भोंगा वाजवू नकोस."

"अंगाईगीत म्हणू का?"

"तुझा आवाज ऐकलाय मी. झोपलेली बॅटरीसुद्धा पळून जाईल."

अर्ध्या तासाने तिने मीटर पाहिला. झोपलेल्या गाडीला पॉइंट शून्य तीन अँपिअर पुरतं, मीटरवर पॉइंट चार होतं. तिने कॅमेऱ्याची वायर फ्यूजकडच्या टोकाला सोडवली, बाकीची होती तशीच ठेवली. तरी पॉइंट चारच. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. "म्हणजे कॅमेरा नाही! मिस्त्री सुटले!"

"इतक्यात पास करू नका," ती म्हणाली.

ती एकेक फ्यूज उपसत गेली. प्रत्येक वेळी मीटर पाहायची, फ्यूज परत खोचायची. नववा फ्यूज काढल्यावर आकडा खाली पडला. तो गाडीच्या आतल्या दिव्यांचा फ्यूज होता. तिने तो परत लावला आणि आत वाकून बघितलं. छतातला दिवा बंद. डिकीतला बंद. तिने ते दोन्ही बल्ब काढूनही पाहिले. पॉइंट चार काही हलेना.

तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. तिच्या कपाळावर घाम आला होता. ती ओठ चावत होती. मला वाटलं होतं, तिला सगळं येतं. तसं नव्हतं. तिला खरंच सापडत नव्हतं.

ती जिन्याखाली जाऊन उभी राहिली आणि वर तोंड करून ओरडली, "अहो! कॅमेरा काढलाय तरी पॉइंट चार दाखवतंय!"

तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला की उतरतं! पण सगळे दिवे बंद आहेत!"

वरचं दार बंदच. ती परत येऊन बॉनेटशी उभी राहिली. तेवढ्यात वरची कडी वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. अर्ध्या जिन्यावरूनच मिस्त्रींनी विचारलं, "दिवे किती मोजलेस?"

"छतातला, डिकीतला."

"आणि कप्प्यातला?"

"तो कप्पा उघडल्यावर लागतो. मी उघडला होता, लागला बरोबर. बंद केल्यावर विझतोच."

"विझताना बघितलास?"

वहिनीने बंद कप्प्याकडे पाहिलं. बंद कप्प्यातला दिवा विझलाय की नाही, हे कोण बघणार?

मिस्त्रींनी दहा मिनिटं थांबायला सांगितलं. तिघंही थांबलो. मग त्यांनी कप्पा उघडला आणि उघडल्या उघडल्या आतल्या चिमुकल्या बल्बवर डाव्या हाताचं बोट टेकवलं. लगेच मागे घेतलं.

"आत्ता उघडला. एवढ्यात इतका तापला कसा?"

दिवा रात्रंदिवस जळत होता, आणि बघायला म्हणून कुणी कप्पा उघडला की तो शहाण्यासारखा जसा लागायला हवा तसा लागलेला दिसायचा.

वहिनीने कप्प्याचे स्क्रू सोडवून तो खोबणीतून बाहेर ओढला. दिव्याचं बटण मागच्या बाजूला होतं. बटण आणि कप्पा यांच्या मध्ये वायरची एक गुंडाळी अडकून बसली होती. सुबक घडी घातलेली, तीन ठिकाणी बांधलेली. कप्पा लागायचा, पण दिवा विझवणारं बटण दाबलं जात नव्हतं.

मी जमिनीकडे पाहू लागले.

"हे तुमचं आहे," वहिनी म्हणाली. सरळ, त्यांच्याकडे बघून.

"माझंच."

"जुन्या गाड्यांत त्या कप्प्यामागे मांजर विईल एवढी जागा असायची. हिच्यात नाही." मग तिने कॅमेऱ्याची वायर त्यांच्या हातात दिली. "आता हे जोड ओढा."

त्यांनी पहिला जोड ओढला. मग दुसरा, मग तिसरा. उजव्या हाताची बोटं वायरभोवती थरथरत होती, जोड मात्र जागचा हलत नव्हता. त्यांनी तिसरा जोड परत एकदा ओढला, चांगला हिसडा देऊन.

"म्हणजे हात नाही चुकला," ते म्हणाले. "डोकं चुकलं."

"ते काय नवीन आहे का? लग्नापासून बघतेय मी."

मिस्त्री आधी घशातून काहीतरी आवाज काढून थांबले, आणि मग खदखदून हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एका बाजूला जरा जास्त चढतं. वहिनी त्यांच्याकडे बघत नव्हती. मान फिरवून ती पुसलेलाच मीटर पुन्हा पुसत होती, आणि बराच वेळ पुसत राहिली.

"बाई," मिस्त्री माझ्याकडे वळले, "ही जास्तीची वायर कापू का? तुमची आहे म्हणून विचारतो."

"कापा की."

"आयुष्यात कुणाची कापली नाही."

"मग माझ्यापासून सुरुवात करा," मी म्हणाले.

वहिनीने वायर ताणून धरली आणि त्यांनी डाव्या हाताने कापली. नवा जोड करायला त्यांना वीस मिनिटं लागली. तोवर एक गिऱ्हाईक येऊन घाई करू लागलं, त्याला वहिनीने सांगितलं, "मिस्त्री काम करतायत, बसा." गाडी पुन्हा झोपवली, पुन्हा अर्धा तास थांबलो. पॉइंट शून्य तीन.

त्या दिवसापासून बसवायची कामं मिस्त्री करतात आणि बिघाड शोधायची वहिनी. नवीन काही बसवलेली प्रत्येक गाडी ती अर्धा तास झोपवून मीटर बघितल्याशिवाय सोडत नाही. त्यावरून दोघांची भांडणंही होतात, कारण मिस्त्रींना तो अपमान वाटतो. कधी वाद चौकापर्यंत ऐकू येतो. मिस्त्री रागाने जिना चढून जातात आणि चहाच्या वेळेला उतरतात.

गेल्या महिन्यात वहिनीला चष्मा लागला. तो ती दोरीने गळ्यात अडकवते. बारीक वायर बघायची असली की डोळ्यांवर चढवते, आणि टेस्टरचा दिवा आता मिस्त्री धरतात.