‘व्हय’ ऐकणाऱ्या प्रमिलाताई

प्रमिलाताई वाकळे यांची नि माझी पहिली भेट वाळूजमधल्या आमच्या कारखान्याच्या कार्मिक विभागात झाली. मी नागपूरचा, नुकताच पर्यवेक्षक म्हणून रुजू व्हायला आलेलो. “कागदपत्रं सगळी आणलीत?” ताईंनी विचारलं. मी म्हणालो, “हाव.” ताईंनी पेन खाली ठेवलं. “हे ‘हाव’ तुमच्याकडं वडीलधाऱ्यांनाही चालतं का हो? आणि माणूस रागात असला तर कसं म्हणतो?” बाप्पा! मी इकडं धास्तावलेला, आणि या बाई माझं ‘हाव’ तपासत बसलेल्या. आज ताईंच्या एकसष्टीनिमित्त लिहिताना कबूल करतो, त्या दिवशी मला वाटलं होतं की बाईंना काही काम दिसत नाही.

कामच ते होतं, हे मला कळायला उन्हाळा यावा लागला. ताई मूळच्या खुलताबादकडच्या, मेंढपाळ घरातल्या. शिकून कार्मिक अधिकारी झाल्या, पण कान गावाकडचेच राहिले. नवा कामगार आला की “या हत्याराला तुमच्याकडं काय म्हणतात?” इथून सुरुवात. त्यांच्या बैठका कधी वेळेत संपल्या नाहीत, हेही या गौरवग्रंथात नोंदवायलाच हवं. एकाला विचारून भागायचं नाही. कोपऱ्यात गप्प बसलेल्याला बोलतं केल्याशिवाय ताई उठायच्या नाहीत. तोवर आमचा चहा थंडगार!

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला, तेव्हाची गोष्ट. शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि नळ आठवड्यातून एकदा येत होता. मी पुंडलिकनगरात भाड्यानं राहायचो. “पाणी सोडलं!” अशी आरोळी आली की सगळी गल्ली भांडी घेऊन धावायची. माझी पत्नी तेव्हा बाळंतीण होती. एकदा नळही नाही आणि टँकरही नाही, असं झालं. हे ताईंच्या कानावर कुणी घातलं, मला आजतागायत ठाऊक नाही. संध्याकाळी त्या स्वतः स्कूटरवर दोन कॅन घेऊन दारात उभ्या. मी आभार मानू लागलो, तर म्हणाल्या, “बाळाचं नाव काय ठेवताय, ते सांगा आधी.”

त्याच उन्हाळ्यात भागुजींचं प्रकरण घडलं. भागुजी माझ्या हाताखालचे, आठ वर्षांपासूनचे हंगामी कामगार. बजाजनगरात एका खोलीत राहायचे. भाऊ मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात नदीकाठाला गेलेला, गावाकडचं घर भागुजींच्या पगारावर चाललेलं. महिन्याभरात ते कायम व्हायचे होते. रंग देण्याआधी सुटे भाग धुवायची आमची मोठी टाकी. तिच्यातलं पाणी गाळून पुन्हापुन्हा वापरायचं आणि कमी पडलं की टँकरचं भरायचं, असा त्या दिवसांतला नियम. मी घाईत त्यांना म्हणालो, “दोन वाजता पाणी सोडा.” भागुजी माझ्याकडं बघून म्हणाले, “व्हय.” मी पुढं निघून गेलो.

दोन वाजता त्यांनी टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडला. भर दुष्काळात टाकीभर पाणी गटारात! दुसऱ्या दिवशी जादा टँकर येईपर्यंत काम बंद. वरिष्ठांनी मला झाडलं, मी भागुजींना झाडलं. माझा स्वभाव मुळात तापट, तशातच मी अहवाल लिहिला: ‘सूचना समजल्याचे सांगूनही जाणीवपूर्वक अवज्ञा.’ या एका ओळीनं भागुजींची नोकरी जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ताईंचा एक रिवाज होता. माणसाविरुद्धचा कागद पुढं पाठवण्याआधी, ज्यानं लिहिला त्यानंच तो त्या माणसाला वाचून दाखवायचा. त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. आधी भागुजींना विचारलं, “साहेब काय म्हणाले होते? त्यांच्याच शब्दांत सांगा.”

“पानी सोडा म्हनले. मला लई नवल वाटलं. म्हून म्या इचारलं, व्हय?”

ताई माझ्याकडं वळल्या. “यांनी विचारलं होतं. तुम्ही काय उत्तर दिलंत?”

मी काहीच उत्तर दिलं नव्हतं. मला तो होकार वाटला होता! आणि मला तर टँकरच्या पाण्यानं टाकी भरायची होती; माझ्या गल्लीत पाणी ‘सोडलं’ की भांडी भरतात. टाकीचं पाणी ‘सोडा’ म्हटल्यावर माणूस ती रिकामी करणार, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तरी अहंकार कुठं सुटतो? ताईंनी खूण केली, मी अहवाल वाचू लागलो. ‘जाणीवपूर्वक’ शब्दाशी भागुजींनी हात वर केला.

“म्हंजी काय, सायब?”

“म्हणजे... मुद्दाम.”

भागुजींचा चेहरा पडला. “मुद्दाम? माझी माय हंडाभर पान्यासाठी दोन कोस जाती सायब. अन् म्या मुद्दाम पानी सांडीन व्हय?”

मला मान वर करवेना. शरम वाटली, अगदी मनापासून. मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला: सूचना संदिग्ध होती, विचारलेल्या शंकेचं निरसन मी केलं नाही, चूक माझी. त्या कागदानं माझी बढती वर्षभर लांबली. भागुजी मात्र ठरल्या महिन्यात कायम झाले. त्यानंतर सूचना देऊन झाली, की “आता तुम्ही काय करणार, ते मला सांगा” असं मी प्रत्येकाला विचारू लागलो.

हा लेख लिहिण्याआधी भागुजींना भेटलो. आता ते नव्या कामगारांना शिकवतात. “ताईंबद्दल काय लिहू?” असं विचारलं. त्यांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. मग म्हणाले, “लिवा, की आठ वर्सं मला समदे काम सांगत व्हते. तुमी काय ऐकलं, असं ताईंनीच पयल्यांदा इचारलं.”

ताई, आपणांस उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. निवृत्तीनंतर विश्रांती घ्या, असं मात्र मी म्हणणार नाही. गप्प बसलेली माणसं अजून पुष्कळ आहेत.