मधली जागा

धूर... आधी आठवतो तो धूरच. देवळाच्या पायऱ्यांसमोर ठेवलेलं प्रचंड काशाचं पात्र, त्यातल्या राखेत खोचलेल्या असंख्य उदबत्त्या आणि त्या करड्या धुरात हात घालून तो आपल्या अंगावर ओढून घेणारी वृद्ध माणसं — कुणी गुडघ्यांवर, कुणी पाठीवर, कुणी मिटलेल्या डोळ्यांवर. जिथे दुखतं तिथे धूर लावायचा, अशी तिथली श्रद्धा. आईने गंमत म्हणून ओंजळभर धूर माझ्या डोक्यावर ओढला, थोडा स्वतःच्या खांद्याला लावला. बाबा पलीकडे उभे राहून आमचे फोटो काढत होते.

"अहो, तुम्ही पण या ना," आई म्हणाली.

"मला कुठे काय झालंय?" बाबा म्हणाले.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. लंडनजवळच्या पिनरमधल्या घरात आम्ही तिघंच. बाबांच्या ऑफिसने त्यांना ऑक्टोबरात जपानला पाठवलं, माझ्या शाळेची हाफ टर्मची सुट्टी नेमकी त्याच आठवड्यात आली आणि "पुन्हा कधी जाणार आपण?" असं म्हणत त्यांनी आमचीही तिकिटं काढून टाकली. ते वाक्य आज आठवलं की अंगावर काटा येतो.

क्योतोच्या त्या देवळाच्या आवारात महिन्यातून एकदा जुना बाजार भरतो. गंजलेल्या लोखंडी किटल्या, तडे गेलेले चहाचे प्याले, बंद कपाटाचा कोंदट वास येणारे कुणा अनोळखी बायकांचे रेशमी किमोनो... मधूनच मुळ्याच्या लोणच्याचा आंबूस दर्प, भाजलेल्या चेस्टनटची गोडसर ऊब... सगळं कसं हुंगत हुंगत पाहावं असं. तरी माझा जीव तिथे रमेना. यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी मागे उरलेली आहे, एवढं त्या वयातही कळत होतं. छपरांवर भलेमोठे कावळे बसले होते आणि भर दुपारी आभाळ काळवंडून आलं होतं. "किती कोकलतायत मेले," आई पुटपुटली.

बाबांना फोटोंचं वेड होतंच, पण त्या दिवशी ते पावलापावलावर थांबत होते. कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि तसेच उभे राहायचे, बराच वेळ.

"बाबा, चला ना, माझी पाय दुखते," मी माझ्या इंग्लिश शाळेतल्या मराठीत कुरकुरायचे.

"थांब गं, लाइट बरोबर नाहीये."

"एका किटलीचे फोटो काढणार तरी किती?" आई वैतागायची. बाबा फोटो काढत नव्हते, दम खात होते — हे आता कळतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, आणि थोड्याच वेळात आमची सगळी भीती भलतीकडेच जाऊन बसली.

जुन्या बाहुल्यांचं दुकान मांडून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात बाबांनी कॅमेरा दिला. आमच्या तिघांचा एक फोटो हवा होता. नेहमीप्रमाणे मी मधे. बाईंनी कॅमेरा डोळ्यापर्यंत नेला, पुन्हा खाली घेतला, मान हलवली आणि एक लाकडी बाहुली उचलून माझ्या हातात ठेवली. हा विकायचा डाव असावा असं समजून बाबांनी ती परत केली. बाईंनी ती पुन्हा माझ्या हातात दिली. त्या हसत नव्हत्या. शेवटी शेजारच्या दुकानातल्या तरुणाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं — तिघांचा फोटो काढू नये, त्यातलं मधलं माणूस आधी जातं, अशी जुन्या लोकांची समजूत आहे. बाहुली धरली की चौघं होतात.

बाबा मनापासून हसले. "घ्या, म्हणजे इथेही तीन तिगाडा, काम बिगाडा! अगं, तू लॅबमध्ये काम करणारी बाई, तू तरी घाबरू नकोस." त्यांनी बाहुली हात जोडून परत दिली.

आई खरोखरच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. दृष्ट काढणाऱ्यांची ती येता जाता टर उडवायची. बाईंनी नाइलाजाने कॅमेरा उचलला, आणि तेवढ्यात आईने माझा खांदा धरून मला खसकन आपल्या दुसऱ्या बाजूला ओढलं. आता ती मधे होती.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. तिच्या डोळ्यांवर ऊन येतंय."

ऊन कुठेच नव्हतं. तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

पिनरला परतल्यावर आई निराळीच वागू लागली. स्वतःचं साधं डोकं दुखलं तरी डॉक्टरांची अपॉइंटमेंट, रक्ताच्या तपासण्या... आणि बाबांना तिने वरण-भात शिकवला, माझ्या स्विमिंगचे कपडे कुठल्या खणात असतात ते दाखवलं, माझ्या वेण्या घालायला लावल्या. "कुठे निघालीस तू?" बाबा चिडवायचे. ती पुढचा खण उघडून दाखवायची. मी शाळेतून धावत घरी यायचे, आई आहे ना हे बघायला.

जानेवारीतल्या एका सकाळी बाबांनी माझ्या वेण्या घातल्या — एक वर, एक खाली — आणि मला शाळेत सोडायला म्हणून ते गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायला बाहेर गेले. तिथेच कोसळले. हृदय बंद पडलं. आई काही न कळल्यासारखी दारात उभी राहिली. तिने सगळी तयारी वेगळ्याच मरणाची केली होती.

आज आई सत्तरीला टेकली आहे, त्याच घरात एकटी राहते, आणि तिच्या तब्येतीची काही तक्रार नाही. गेल्या रविवारी चहा पिताना मी तिला प्रथमच विचारलं, "आई, तुझा खरंच विश्वास बसला होता त्यावर?"

"विश्वास कसला गं? पण मधे तू होतीस." मग कप खाली ठेवून ती म्हणाली, "तिथून आल्यावर मी स्वतःच्याच तपासण्या करत राहिले. त्यांना एकदाही विचारलं नाही, चालताना दम का लागतो म्हणून."