सोडियम माझं, तारे तिचे

मंदा रामटेके कुणाच्याही डब्यात, माझ्यासुद्धा, न विचारता बोट घालायची. चाखायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची, "शोभे, मिरची मागाहून टाकली ना वो? कच्ची लागून राहिली." आणि ते खरं असायचं. मला आधी तिच्या बोटाचा राग यायचा आणि मग तिच्या बरोबर असण्याचा. तुमसरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती भौतिकशास्त्र शिकवायची, मी रसायनशास्त्र. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या.

सरळच सांगते, मी तिच्यावर जळायचे. तिच्या साडीला कधी इस्त्री नसायची, तरी मुली तिच्यासारखा पदर खोचायच्या. माझ्या तासाला पोरं घड्याळ बघायची आणि तिच्या तासाला दुसऱ्या तुकडीतली पोरं येऊन मागे उभी राहायची. मी जीव तोडून तयारी करून जायचे, ही बाई हातात खडू घेऊन नुसती जायची. कुणी काही विचारलं आणि तिला येत नसलं, तर खुशाल म्हणायची, "मले नाही माहीत बाप्पा, उद्या पाहून सांगतो." त्यावरही पोरं खूश! मी असं म्हटलं असतं तर माझी अक्कल निघाली असती.

मग एका वर्षी संस्थेनं जाहीर केलं, की शास्त्र शाखेतल्या एकाच शिक्षकाला पीएच.डी.साठी अभ्यासरजा मिळेल. त्यासाठी संचालकांसमोर आपला विषय मांडायचा. ती रजा मला हवी होती. लग्न झालं, दोन लेकरं झाली, प्रॅक्टिकलं घेता घेता केस पिकायला लागले, पण एवढी एक गोष्ट मी मनात धरून होते. विषयही तयार होता: बपेऱ्यापासून नाकाडोंगरीपर्यंतच्या विहिरींच्या पाण्यातलं मँगनीज. आमचा हा खाणींचा पट्टा, ते पाणी माणसं पितात. याहून उपयोगाचं काम कोणतं?

मंदाचा विषय होता गोलाकार तारकागुच्छ. म्हणजे लाखो ताऱ्यांचे घट्ट गोळे, आपल्या आकाशगंगेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या वस्तूंपैकी. एका गुच्छातले सगळे तारे एकाच ढगातून, एकाच वेळी जन्मले, असं पूर्वी समजत. पण त्यांच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला, तर एकाच गुच्छातल्या काही ताऱ्यांत सोडियम जास्त निघतं आणि ऑक्सिजन कमी. हे कसं झालं, ते तिला शोधायचं होतं.

"सोडियम तं माह्या विषयात येते," मी म्हटलं. "तू काहून त्यात हात घालून राहिली?"

"अवो, तुयाच प्रयोगशाळेत तं पाहिलं! तू मीठ ज्योतीत धरून पोराईले पिवळा रंग दाखवत होती. मी खिडकीतून पाहत होतो. तवाच मनात आलं."

हे तिनं आभार मानल्यासारखं सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच सुमाराला बुद्धपौर्णिमेला तिनं मला नाकाडोंगरीला, तिच्या गावी जेवायला नेलं. विहारापुढे पंगती बसल्या होत्या. आमची दुसरी पंगत. वांग्या-आलूची भाजी खारट झाली होती. पहिल्या पंगतीतले लोक तर तारीफ करत उठले होते! स्वयंपाक करणारा तिचा काका शपथ घेऊन सांगत होता, "मीठ तेवढंच टाकलं ना बाई, मापानं!" मंदा हसायला लागली. त्यांच्याकडे सगळ्या पंगती उठेपर्यंत भाजीचा गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, तळापर्यंत रिकामा करत नाहीत. जेवणारे बाकी असताना भांडं खरवडणं बरं दिसत नाही म्हणे. म्हणजे पहिल्या घाण्याची आटलेली भाजी तळाशी होती आणि त्यावरच दुसरा घाणा चढला होता.

"काका, माप चुकलं नाही तुमचं," ती म्हणाली. "पहिलीचं दुसरीत आलं."

खारट मलाही लागलं होतं. मी पाणी प्यायले आणि जेवण उरकलं. तिनं काय केलं? संचालकांसमोर उभी राहिली आणि तोच गंज सांगितला. आधीच्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेला वायू गुच्छातच राहिला, त्यात नवे तारे शिजले, म्हणून त्यांच्यात सोडियम जास्त. असं असू शकतं, पण अजून नक्की कुणालाच माहीत नाही, मी पाहून सांगते. संचालक पुढे सरकून ऐकत होते. माझ्या विहिरींच्या वेळी त्यांनी चहा मागवला होता.

रजा तिला मिळाली. मी हसून हात मिळवला आणि घरी जाऊन कुकर आपटला. ती पुण्याला गेली. फोन करायची, "शोभे, आज एका ताऱ्याचं सोडियम काढलं वो! तू पाहिजे होती." मी म्हणायचे, "हो का? बरं झालं." फोन ठेवला की दिवसभर माझं कशात लक्ष लागायचं नाही. मनात एकच चाले, माझी पाळी येऊ दे, मग हिला रोज फोन करते आणि विहिरीचं पाणी ऐकवते.

तिकडेच तिला कावीळ झाली. अंगावर काढली, ती बिघडली आणि दवाखान्यातून मंदा परत आलीच नाही. प्रबंध अर्धाच राहिला. नाकाडोंगरीत तिच्या आईनं माझा हात धरून म्हटलं, "तुमचंच नाव घेत राहे बाई."

पुढच्या सत्रात प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, "पटले मॅडम, रामटेके मॅडमची रजा आता मोकळी झाली. तुमचं नाव पाठवतो." मोकळी झाली म्हणे! महिन्याभरात मंजुरी आली. सगळ्यांनी अभिनंदन केलं, कुणी पेढे आणले. मी सगळ्यांना हसून दाखवलं, शिक्षकांच्या खोलीत आले, तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मला असा संताप आला, की दार लावून मी मोठ्यानं बोलले, "मंदे, मले तुले हरवाचं होतं. रजा अशी सोडून काहून देली वो?"