मुद्दाम विसरलेले सहा शब्द

डेक्लनकाका गेले, हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी कॉर्क शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये होते. दुसऱ्या दिवशी पेपरांनी 'झुंजार फॉरवर्ड' छापलं. झुंजार! बारा वर्षं हा माणूस उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांसाठी चेंडू काखेत धरून समोरच्या तिघांच्या अंगावर धावत राहिला. तेरा जणांच्या रग्बीत फॉरवर्डचं कामच ते. डोक्याला लागलं की तोंडावर पाणी मारायचं आणि परत मैदानात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरात कप सापडेनात... हे मात्र कुणी छापलं नाही.

ॲडम्सटाउनला ते आमचे शेजारी. माझी धाकटी बहीण इराही फॉरवर्ड; तिच्या टीमचे ते कोच. मी खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी पत्रकं वाटते म्हणून मला 'पॅम्फ्लेट'च म्हणायचे. "काय गं पॅम्फ्लेट, आज कुणाची खरडपट्टी?" एकदा त्यांनी मुलींना एक किस्सा सांगितला. सीझनआधी डॉक्टर दहा शब्द वाचतात, आठवतील ते सांगायचे, आकडा लिहून ठेवतात. मॅचमध्ये डोक्याला लागलं की परत तीच चाचणी. आकडा घसरला तर बाहेर. "आम्ही फॉरवर्ड दहा आठवले तरी चारच सांगायचो. मग कितीही लागू दे, चार तर येतातच!" मुली खो खो हसल्या. आणि सीझनआधीच्या चाचणीत त्यांनीही मुद्दाम चारच शब्द सांगितले.

गेल्या वसंतात इरा मॅचमध्ये डोक्यावर आपटली. चाचणीत चार शब्द आले, फिजिओने परत खेळू दिलं. संध्याकाळी घरी तिला उलट्या झाल्या. "आय'म ग्रँड, आई, मी ठीक आहे," म्हणत तिने आज वार कोणता, हे तीनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी मी काकांच्या दारात जाऊन ओरडले, "तुमच्या किश्शापायी माझी बहीण मेली असती!" ते उंबऱ्यातच खाली बसले. म्हणाले, "छाप. तुझ्या पत्रकात माझ्या नावासकट छाप. 'बिचारा' लिहिलंस तर फाडून टाकीन. मी फसवलं, असं लिही."

मला फक्त क्लबांना झोडपायचं होतं. त्यांनी स्वतःलाही सोडलं नाही. क्लबच्या हॉलमध्ये सगळ्या मुलींसमोर खुर्चीवर बसून त्यांनी डॉक्टरांना दहा शब्द वाचायला लावले. कपाळाला हात लावून आठवत राहिले. तीन आले. "या वेळी खरंच प्रयत्न केला, पोरींनो," म्हणाले. त्याच दिवशी क्लबने जुने आकडे रद्द केले, सगळ्यांची चाचणी नव्याने घ्यायचं ठरवलं; डोक्याला लागलं की आकडा काहीही असो, त्या दिवशी खेळ बंद, असा नियम झाला. इरा तेवढी फुरंगटून होती. "चाचणी परत दिली तरी मी चारच सांगणार, ताई. मला खेळायचंय." काकांनी तिला एकदाही समजावलं नाही. मी मात्र रोज भांडत होते... आणि हरत होते.

काकांना जाऊन तीन आठवडे झाल्यावर नव्या चाचणीसाठी इराचा नंबर लागला. आई आणि मी त्याच हॉलबाहेर थांबलो. इरा तणतणत बाहेर आली. "नऊ!"

"अगं, मग चिडलीस कशाला?" आई म्हणाली.

"बिकॉज आय न्यू इट, आई! दहावा मला येत होता!"

गाडी स्टेशनपाशी वळली तशी ती मागच्या सीटवरून एवढ्यांदा ओरडली, "अम्ब्रेला!", की आईने ब्रेक दाबला.